साडेबारा किलोची जोडी

डंबेल घ्यायला आलेला माणूस आधी आपला दंड दाखवतो. केजच्या एसटी स्टँडजवळ मी अठ्ठावीस वर्षं खेळाच्या सामानाचं दुकान चालवलं. या अठ्ठावीस वर्षांत बाही वर सारून "आण्णा, याला किती किलोचं लागंल?" असं विचारणारी इतकी गिऱ्हाइकं पाहिली की पुढेपुढे चेहऱ्याआधी मला दंडच आठवायचे. एक नवरदेव लग्नाच्या तीन आठवडे आधी आला होता. त्याला तीन आठवड्यांत दंड हवे होते. एका गावच्या पुढाऱ्यानं पंचवीस किलोची जोडी नेली. तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि नंतर ती बैठकीत दार अडवायला ठेवली. वाऱ्यानं दार आपटत नाही, एवढा उपयोग झाला.

दंड बघून डंबेल देता येत नाही. मी हात पाहायचो. मुठीत दांडा धरला की अंगठा बोटांवर नीट आला पाहिजे. दांडा जाड झाला तर वजन उचलण्याआधी पकडच दमते. दांडा नुसता चकचकीत असला तर घामानं निसटतो, म्हणून त्यावर बारीक खरखरीत नक्षी लागते. वरून प्लास्टिक आणि आत सिमेंट भरलेले डंबेल स्वस्त वाटतात, पण दोनदा फरशीवर पडले की त्यांचं पोट फुटतं. घरात वापरायचे असतील तर अखंड लोखंडाचे घ्यावेत, जमलं तर रबर चढवलेले. वजन किती? अंग न हलवता बारा वेळा उचलता येईल, आणि शेवटचे दोन दात आवळून होतील, एवढं. त्याहून जड घेतलं तर ते पलंगाखाली जातं. हलकं घेतलं तर त्याचा पेपरवेट होतो.

हे सगळं मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. पण डंबेल कुणासाठी हवेत, हे नीट विचारायचं एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत राहून गेलं. आज ते लिहितो आहे.

गोविंद पहिल्यांदा आला तेव्हा एकटाच होता. युसूफ वडगावच्या पुढं एक वस्ती आहे, तिथल्या मेंढपाळाचा एकुलता एक मुलगा. अंगानं उंच, तळहात फावड्यासारखे रुंद. पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी धावायचं आणि अकराला, जेवायच्या आधी, वजनं मारायची असा त्याचा नेम. मी त्याला पाच-पाच किलोची जोडी दिली. तो म्हणाला, "आण्णा, लई हलकं हाय हे." मी म्हणालो, "बारा वेळा सावकाश उचल. मग बोल." त्यानं दुकानातच मोठ्यानं मोजत उचलून दाखवलं. नवव्याला त्याचं तोंड लाल झालं, बाराव्याला हसला. तेव्हाच आमचं ठरलं की ही जोडी सोपी वाटायला लागली की परत आणायची आणि जड घेऊन जायची. नेमानं व्यायाम करणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ती सवलत द्यायचो.

सहा-सात महिन्यांनी ती जोडी परत आली. घेऊन आला तो गोविंद नव्हता, त्याचे वडील होते. रंगनाथ तात्या. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, पिशवीत पाच-पाच किलो लोखंड.

"गोविंदा म्हंतो, आता साडेसात पायजे," तात्या म्हणाले.

"स्वतः का नाही आला?"

"त्याचा नेम चुकतो ना. अकराला घरी लागतो त्यो."

मी जोडी हातात घेऊन पाहिली. वापरलेल्या डंबेलवरून वापरणाऱ्याचा हात ओळखू येतो. मुठीवरची नक्षी जिथं झिजते तिथं बोटं बसलेली असतात. या जोडीवर नक्षी फक्त मधोमध, अगदी अरुंद पट्ट्यात झिजली होती. गोविंदचा पंजा तर दांड्यात मावत नव्हता. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण दुकानात गर्दी होती. मी साडेसातची जोडी बांधून दिली.

पुढच्या खेपेला तात्या दहासाठी आले. परत आलेली साडेसातची जोडी मी उन्हात धरून पाहिली. पुन्हा तोच अरुंद पट्टा. आणि दोन्ही गोळ्यांच्या आतल्या बाजूला, मनगट टेकतं तिथं, काळ्या रंगावर बारीक गोल ओरखडे होते. नक्षीच्या खाचेत हिरव्या काचेचा एक कण अडकला होता. मी नखानं तो काढला. बांगडीची काच होती.

मी हसत विचारलं, "तात्या, गोविंदचं लग्न केलं आणि मला बोलावलं नाही?"

"न्हाई हो," ते म्हणाले. "भरती झाल्याबिगर लगीन करायचं न्हाई म्हंतो. रोज म्हंतो."

ते इतकं सहज बोलले की मी पुढं काही विचारलं नाही. दहाची जोडी दिली.

आणखी वर्षभरानं ते साडेबाराची मागणी घेऊन आले. तेवढी माझ्याकडं नव्हती. मी म्हणालो, मागवतो आणि दत्ताच्या जीपमध्ये पाठवून देतो. दत्ता केज ते युसूफ वडगाव जीप चालवायचा. माझं सामान बऱ्याचदा तोच न्यायचा. माल आला त्या दिवशी मी त्याला बोलावलं आणि म्हणालो, "ही जोडी वस्तीवर रंगनाथ तात्यांकडं दे. गोविंदला सांग, एकदा येऊन भेट म्हणावं."

दत्तानं उचललेली पेटी परत खाली ठेवली.

"कोन गोविंद?"

"तात्यांचा. भरतीवाला."

"आण्णा, त्यो जाऊन दीड वरीस झालं," दत्ता म्हणाला. "पहाटं पळत होता रोडनं. उसाची ट्रॉली उभी होती बिनलाइटीची आन मागून टेंपो आला. मी सोता मयतीला गेलतो."

मी हिशोब मांडला. पाचची जोडी माझ्याकडं परत आली त्याच्या आधीच गोविंद गेला होता. साडेसात आणि दहाच्या दोन्ही जोड्या मी मेलेल्या माणसाच्या नावानं दिल्या होत्या. आणि त्या वापरल्या गेल्या होत्या. लोखंड खोटं बोलत नाही. कुणीतरी रोज, महिनोन्महिने, ते उचललं होतं.

"पेटी राहू दे," मी म्हणालो. "उद्या मीच येतो तुझ्यासोबत."

वस्तीवर पोचलो तेव्हा अकराला थोडा अवकाश होता. चैत्रातलं ऊन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दत्ता मला उतरवून पुढं गेला. तात्यांचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं मेंढरांचा वाडगा. वाडगा रिकामा होता. मेंढरं त्यांनी भावाच्या हवाली केली होती, हे मला नंतर कळलं. लेंड्यांचा वासही उरला नव्हता, इतके दिवस तो रिकामा असावा.

तात्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून खूष झाले. बोट तोंडावर ठेवून हळूच म्हणाले, "बसा आण्णा. त्याचं आताच चालू व्हईल."

मी पेटी खाली ठेवली आणि बसलो. डावीकडच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत काहीतरी वाजलं, गजर वाजतो तसं. आणि मग गोविंदचा आवाज आला.

"एक."

मी तो आवाज ओळखत होतो. माझ्याच दुकानात त्या आवाजानं बारापर्यंत मोजलं होतं.

"दोन." श्वास सोडल्याचा आवाज. "तीन."

पत्रा तापून कडकडत होता. उठून पळावं असं वाटत होतं. तात्या डोळे मिटून प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. देवळात आरतीला हलवावी तशी. माझी सवय अशी की कुणीही वजन मारत असलं की मी मनात मोजतो. तेव्हाही मी मोजत होतो. नऊ. दहा. अकरा. बारा. तेरा. चौदा. पंधरा. मग लोखंड फरशीवर ठेवल्याचा आवाज.

"पंधरा झाले आज," तात्या समाधानानं म्हणाले. "बाराच करायचा आदी."

दार उघडलं. आतून एक बाई बाहेर आली. पन्नाशीच्या आतली, काटक, पदर कमरेला खोचलेला, चेहरा घामानं थबथबलेला. तात्यांची बायको, सुंदराबाई. हातात हिरव्या बांगड्या. तिनं मला पाहिलं, माझ्याजवळची पेटी पाहिली, आणि पदर डोक्यावर ओढला.

"झालं का त्याचं?" तात्यांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "तुमी जेवून घ्या."

तात्या भाकरीला बसले. ती मला म्हणाली, "आण्णा, या. कुटं ठिवायचं ते बघा." मी पेटी घेऊन खोलीत गेलो. तिनं दार ओढून घेतलं.

खोलीत एक चटई, दहाची जोडी, खिळ्याला टांगलेली गोविंदची ट्रॅकपँट, कोनाड्यात मोबाइल. भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं. पाच, दिवाळीपर्यंत. साडेसात, संक्रांतीपर्यंत. दहा. साडेबारा. पुढं भरती, आणि त्याखाली दोन रेघा.

"वहिनी, हे काय चाललंय?" मी विचारलं.

 तिनं चटईवर बसून सगळं सांगितलं. गोविंद गेला तेव्हा तात्या मेंढरं घेऊन लांब चराईला गेले होते. फोन लागत नव्हता. निरोप पोचून ते परत आले तेव्हा तिसरा दिवस होता. सगळं उरकलेलं. त्यांनी मुलाचं तोंडही पाहिलं नाही. कुणी सांगितलं की ते ऐकायचे, मान हलवायचे, आणि थोड्या वेळानं विचारायचे, "गोविंदा कुटं गेलाय?" अन्न सोडलं होतं. चौथ्या दिवशी अकराला खोलीतला मोबाइल वाजला. गोविंदनं एक लय साधावी म्हणून स्वतःच्याच आवाजात आकडे भरून ठेवले होते. ते गजराला लागायचे. तात्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "हाय की आत." मग भाकरी मागितली.

"दुसऱ्या दिवशी म्हनले, आज लोखंडाचा आवाज न्हाई," सुंदराबाई म्हणाली. "मंग मी उचलून खाली ठिवलं. आवाज यावा म्हनून. मंग रोजच. नुसतं ठिवलं तर त्यांना कळायचं. दम लागल्याला आवाज ऐकू यायचा न्हाई ना. मंग उचलायलाच लागले."

"आणि पाचचे साडेसात?"

तिनं भिंतीकडं बोट केलं. "दारातनं दिसतंय. आकडे वाचता येत्यात त्यांना."

तिनं उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. खांद्याच्या वर तो गेलाच नाही. "येणी घालता येत न्हाई मला," ती म्हणाली. "हे साडेबाराचं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई आण्णा. पन थांबले तर ते उठायचे न्हाईत."

मी कोनाड्यातला मोबाइल उचलला. "तो पंधरापर्यंत मोजतो का?"

"न्हाई. बाराच हायत. तेवढेच भरले त्यानं." तिनं बटण दाबून मला ऐकवलं. एक ते बारा. बारानंतर गोविंद धापा टाकत हाक मारतो, "आई, पाणी ठेव गं." तिथं संपतं.

"मी मघाशी पंधरा मोजले," मी म्हणालो. "आणि ही हाक ऐकलीच नाही."

"तेबी पंधरा म्हंत्यात, मागल्या महिन्यापून," ती म्हणाली. "मी बाराच उचलते. पुढचे मला ऐकू येत न्हाईत."

यावर मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. उन्हानं डोकं फिरलं असेल, आकडा चुकला असेल. पण आकडा चुकणं हा माझा धंदा नव्हता. त्या क्षणी एवढंच कळलं की ही खोली अशी बंद ठेवणं बरं नाही. तिच्यासाठीही नाही आणि तात्यांसाठीही नाही.

मी बाहेर आलो. तात्यांचं जेवण होत आलं होतं.

"तात्या, साडेबाराला एकट्यानं हात घालायचा नसतो," मी म्हणालो. हे खरंच आहे. जड वजनाला जवळ माणूस उभं लागतं, हात सुटला तर धरायला. "नवी जोडी आणली आहे. पहिल्या दिवशी बापानं जवळ उभं राहावं."

तात्यांचा घास हातातच राहिला. "त्याला आवडत न्हाई कुनी आत आल्यालं."

"आज लागेल."

त्यांनी हात धुतले. पागोटं नीट केलं. दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर थांबले. दीड वर्षात त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. सुंदराबाई चटईवर उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं मोबाइल लावला, खाली वाकली आणि डाव्या-उजव्या हातात साडेबाराची जोडी घेतली.

"एक," गोविंद म्हणाला.

तिनं उचललं. दोन. तीन. चौथ्याला उजवा हात थरथरला आणि बांगडी लोखंडाला घासली. तात्या आधी कोपऱ्यात पाहत होते. मग खिळ्यावरच्या ट्रॅकपँटकडं. मग भिंतीकडं. शेवटी त्यांची नजर तिच्या मनगटावर आली आणि तिथंच थांबली. पाच, सहा. आवाज चालूच होता, पण आता तिचे हात खालीच राहिले होते.

तात्या आत आले. एकेक करून तिच्या मुठी सोडवल्या, जोडी खाली ठेवली.

"ठिव," ते म्हणाले. "लई जड हाय हे."

आवाज बारापर्यंत गेला. पाणी मागून थांबला. मी कान देऊन उभा होतो. तेरा आलं नाही.

तात्या खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "कदी गेला?"

"तुमी चराईला गेलतात तवा."

"मग मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं होतं," सुंदराबाई म्हणाली. "लई येळा सांगितलं."

मी बाहेर जाऊन ओसरीवर बसलो. आतून तात्यांचा आवाज आला. तो रडण्याचा आवाज आहे हे कळायला मला वेळ लागला. मेंढरू अडकलं की ओरडतं तसा होता.

परत आल्यावर पुढचे काही दिवस माझे वाईट गेले. दत्ता रोज खबर आणायचा. तात्यांनी पहिल्या दिवशी खाल्लं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. मला वाटलं, मी त्या माणसाचा जीव घेतला. तिनं दीड वर्ष जे पेललं ते मी एका दुपारी मोडलं, आणि त्या आधी तीनदा दुकानात तोंड उघडून विचारायला हवं होतं तेव्हा गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी दत्ता म्हणाला, "आण्णा, तात्या नदीवर गेलते. पुरोहित बोलावून सगळं करून आले. डोकं भादरलंय. येताना माझ्या जीपमधी चहा मागितला."

अंबाजोगाईला हाडाच्या डॉक्टरकडं सुंदराबाईला मीच पाठवलं. खांद्याला काही महिने वजन बंद. तात्यांनी मेंढरं परत आणली.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, मंगळवारच्या बाजाराच्या दिवशी दोघं माझ्या दुकानात आली. दहाची आणि साडेबाराची जोडी परत करायची होती, ती पिशवीसकट दत्तानं जीपमधून आणून ठेवली. मला वाटलं, आता यांचा आणि लोखंडाचा संबंध संपला. मी चहा मागवला. सुंदराबाईनं खांदा वर करून दाखवला, वेणीही दाखवली.

मग ती शेल्फाकडं गेली. माझ्या अठ्ठावीस वर्षांत त्या शेल्फाकडं स्वतःसाठी बघणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली एकही वस्तीवरची नव्हती.

"सवय लागली अंगाला," ती म्हणाली. "सकाळी अंग मागतंय."

मला बरं वाटलं. मी तिचा पंजा पाहिला, बारीक दांड्याची गुलाबी रबराची दोन किलोची जोडी काढली आणि तिच्या हातात दिली. शहरात बायका हीच नेतात, असंही म्हणालो. तिनं ती उचलली, एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तात्यांकडं, आणि परत दिली.

"आण्णा, हे हातात हाय का न्हाई तेच कळंना."

मी तीनची दिली. तीही परत आली. पाचची तिनं हातात घेऊन नुसती तोलली. मग स्वतःच खाली वाकून साडेसातची काळी लोखंडी जोडी ओढली आणि तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, अंग न हलवता उचलायला लागली. शेवटचे दोन दात आवळून केले. मी डोक्याच्या वर काही न्यायचं नाही एवढं बजावलं. पाठीचा आणि पायांचाच व्यायाम, बस. ती हो म्हणाली.

तात्या जोडी पिशवीत घालायला पुढं झाले. एक तिच्यासारखी, अंग न हलवता उचलून पाहिली, चेहरा बदलला आणि हळूच खाली ठेवली. सुंदराबाईनं पदर डोक्यावर घेतला, एका हातात एक अशी दोन्ही उचलली आणि बाजाराच्या गर्दीतून जीपच्या थांब्याकडं निघाली. लोक बाजूला होत होते. तात्या मोकळी पिशवी घेऊन तिच्या मागं चालले होते.